आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स

नाशिकजवळील देवळालीची लष्करी छावणी आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. दुसऱ्या महायुद्धात हिंदुस्थानातील अशा छावण्यांतल्या रोमन कॅथॉलिक शिपायांची व त्यांच्या चॅपलेनांची देखरेख मुंबईचे आर्चबिशप रॉबर्ट्स यांजकडे होती. हे जेझुइट पंथाचे इंग्रज, जन्म १८९३. लिव्हरपूल येथे पाळक असता १९३७ साली मुंबईस नेमले गेले. त्या गादीवर पोर्तुगीज व इंग्रज यांनी आळीपाळीने बसावे असा करार होता. एतद्देशीयास जागा नव्हती. त्यांचे व आमचे मत निराळे, तरी पुढील गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. १९४६ साली गोमंतकीय कुळातील वलेरियन ग्रेशस सहायक बिशप झाले, आणि रॉबर्ट्स आपण होऊन देश सोडून गेले. थोरला धनी घरात असता धाकट्याचे कोण ऐकणार? १९५० साली त्यांनी पदही सोडले व ग्रेशस आर्चबिशप झाले. रॉबर्ट्स १९७६ साली वारले.