भांडणाचं पत्र

मायकेल प्सेलॉस हे नाव उच्चारताना जीभ अडखळते. पण त्याच्याबद्दल वाचलं आणि मला तो थेट आपल्या होस्टेलमधला वाटला.

जन्म १०१८ चा, कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये. घर साधं, पण पोराला शिकवायची आईला भारी जिद्द. तरुणपणी त्याला जॉन झिफिलिनोस हा जिवलग दोस्त भेटला. झिफिलिनोस कायद्यात पक्का, तर प्सेलॉस तत्त्वज्ञानात. दोघांनी आपापला विषय एकमेकांना शिकवला. परीक्षेच्या आदल्या रात्री आपल्याकडे चालतं ना, अगदी तसंच!

पुढे सम्राट नववा कॉन्स्टंटाइन याच्या दरबारात दोघंही चमकले. पण १०५४ च्या सुमारास दरबाराची हवा फिरली आणि दोघांनी संन्यास घेतला. बुर्साजवळच्या डोंगरावरच्या मठात प्सेलॉसचं मन काही रमेना. तो लवकरच राजधानीत परतला, झिफिलिनोस मात्र मठातच राहिला. मग उरली ती पत्रं.

त्या काळी सामान्य माणसाच्या पत्रांसाठी टपाल नव्हतं. कुणी ओळखीचं त्या बाजूला निघालं की त्याच्या हाती पत्र द्यायचं, काही निरोप तोंडी सांगायचा. सोबत कधी मासे, कधी चीज. आलेलं पत्र बऱ्याचदा चारचौघांत वाचलं जायचं, त्यामुळे शब्द न् शब्द तोलून लिहावा लागे. प्सेलॉसची सुमारे ५०० पत्रं आजही उपलब्ध आहेत.

त्यातलं एक मला फार भिडलं. प्लेटोच्या नादी लागून तू धर्माला अंतरलास, असा ठपका झिफिलिनोसनं त्याच्यावर ठेवला. तेव्हा असा आरोप म्हणजे चेष्टा नव्हती. पद, प्रतिष्ठा सगळंच जाऊ शकत होतं. आणि तो करत होता कोण, तर सख्खा मित्र! प्सेलॉसनं लांबलचक उत्तर लिहिलं. प्लेटो वाचला म्हणजे ख्रिस्त सोडला असं होत नाही, थोर धर्माचार्यांनीही त्याचा अभ्यास केलाच होता, असं त्यानं ठणकावलं. पत्रात राग आहे, दुखावलेपण आहे, पण दार बंद केलेलं नाही.

प्सेलॉस काही साधुसंत नव्हता बरं का! सम्राट बदलत गेले आणि हा प्रत्येकाशी जुळवून घेत राहिला. पण मित्राच्या बाबतीत तो पक्का निघाला. १०६४ साली झिफिलिनोस कॉन्स्टँटिनोपलचा सर्वोच्च धर्मगुरू झाला आणि १०७५ मध्ये वारला. त्याच्यावरचं श्रद्धांजलीचं भाषण प्सेलॉसनंच लिहिलं. एकमेकांना शिकवण्याचे ते दिवस त्यात आवर्जून आले आहेत.

आपल्याकडे एक मेसेज खटकला की माणूस ब्लॉक! मला वाटतं, रूममेटशी वाजलंच तर एकदा कागद घ्यावा आणि सविस्तर भांडावं. ज्याच्याशी मैत्री ठेवायचीय, त्याच्यासाठीच माणूस एवढं लिहितो, नाही का?