विश्लेषण : पिकअपचे ‘ॲव्हरेज’ आणि रुडॉल्फ डिझेल यांचा संबंध काय?

नेवासा तालुक्यातील घोडेगावच्या कांदा बाजारात लिलावाच्या दिवशी गोण्यांनी भरलेल्या पिकअप गाड्यांची रांग लागते. जुनी गाडी विकत घेताना तिचा मालक असो वा चालक, पहिला प्रश्न एकच विचारतो : ॲव्हरेज किती देते? हा प्रश्न साधा वाटला, तरी स्वतःची गाडी भाड्याने चालवणाऱ्याच्या घरखर्चाचा हिशेब त्याच्याशी बांधलेला असतो. समजा, गाडी रोज १०० किलोमीटर धावते. लिटरला १० किलोमीटर मिळाले, तर १० लिटर डिझेल लागेल. १२ मिळाले, तर साडेआठ लिटरहून कमी. महिन्याचे २५ दिवस धरले, तरी हा फरक ४० लिटरच्या पुढे जातो. ज्यांच्या नावाने हे इंधन ओळखले जाते, त्या रुडॉल्फ डिझेल यांनी आपले आयुष्य नेमक्या याच प्रश्नाला दिले होते.

कोण होते रुडॉल्फ डिझेल?

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आईवडील जर्मन होते. वडील पुस्तकबांधणीचे आणि चामड्याच्या वस्तूंचे काम करत. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. मात्र बारा वर्षांच्या रुडॉल्फ यांना शिक्षणासाठी जर्मनीत आउग्सबुर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. पुढे शिष्यवृत्ती मिळवून त्यांनी म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्रवेश घेतला आणि १८८० मध्ये अत्युत्तम गुणांनी पदवी मिळवली.

इंधन बचतीचा प्रश्न कुठून सुचला?

म्युनिकमध्ये प्रशीतन यंत्रांचे जनक कार्ल फॉन लिंडे हे त्यांचे प्राध्यापक होते. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम ६ ते १० टक्के उष्णतेचेच काम करून देते, हे डिझेल यांना लिंडे यांच्या व्याख्यानातून समजले. म्हणजे १०० किलो कोळसा जाळला, तर ९० किलो वाया. ही गोष्ट त्यांच्या मनातून गेली नाही. पदवीनंतर लिंडे यांच्याच बर्फ तयार करण्याच्या व्यवसायात नोकरी करताना त्यांनी आधी अमोनियाच्या वाफेवर चालणारे इंजिन करून पाहिले. ते जमले नाही. त्यानंतर त्यांनी हवा दाबून तापवण्याच्या कल्पनेकडे मोर्चा वळवला. १८९२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९३ मध्ये आपली उपपत्ती पुस्तकरूपाने मांडली.

त्यांच्या इंजिनात वेगळे काय होते?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा खालचा भाग गरम होतो. हवा दाबली की तापते, एवढेच त्यामागचे कारण. पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन एकत्र दाबून ठिणगीने पेटवतात. तेथे दाब फार वाढवला, तर मिश्रण अवेळी पेटते आणि इंजिन ठोके देऊ लागते. डिझेल यांनी सिलिंडरमध्ये फक्त हवा घेतली, ती प्रचंड दाबली आणि ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापलेल्या त्या हवेत इंधन सोडले. इंधन आपोआप पेटते, स्पार्क प्लगची गरजच उरत नाही.

ॲव्हरेजचे मूळ येथे आहे. हवा जितकी जास्त दाबली जाते, तितका जळालेल्या वायूला पुढे पसरायला वाव मिळतो आणि त्याच उष्णतेतून जास्त काम निघते. आजच्या पेट्रोल इंजिनात हवा साधारण १० पट दाबली जाते, तर डिझेल इंजिनात १५ ते २० पट. शिवाय वेग कमी करण्यासाठी डिझेल इंजिनाला हवेची वाट आवळावी लागत नाही. फक्त इंधन कमी सोडले की भागते. त्यामुळे अर्ध्या भारावर किंवा रिकामी परततानाही ते पेट्रोल इंजिनापेक्षा काटकसरीने चालते. लिटरभर डिझेलमध्ये लिटरभर पेट्रोलपेक्षा मुळातच सुमारे दहा टक्के जास्त ऊर्जा असते, ही त्यात आणखी भर.

पहिला प्रयोग यशस्वी झाला का?

नाही. १० ऑगस्ट १८९३ रोजी आउग्सबुर्गच्या कारखान्यात पहिल्या चाचणीवेळी यंत्रावर बसवलेले दाब नोंदवणारे उपकरण फुटले आणि तेथील लोक थोडक्यात बचावले. पण ठिणगीशिवाय इंधन पेटते, हे त्याच स्फोटाने सिद्ध केले. फेब्रुवारी १८९४ मध्ये इंजिन स्वतःच्या ताकदीवर जेमतेम मिनिटभर चालले. कागदावर मांडलेले आदर्श इंजिन प्रत्यक्षात बनू शकत नाही, हे मान्य करून त्यांनी आराखडा वारंवार बदलला. अखेर १७ फेब्रुवारी १८९७ रोजी प्राध्यापक मोरित्झ श्रोटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंजिनाची कार्यक्षमता २६.२ टक्के भरली. डिझेल यांच्या मूळ गणितापेक्षा हा आकडा फार कमी होता. तरी विद्यार्थिदशेत ऐकलेल्या वाफेच्या इंजिनाच्या आकड्याच्या तो अडीच पटीहून जास्त होता.

त्यांचा शेवट कसा झाला?

परवाने विकून डिझेल श्रीमंत झाले. अमेरिकेतील हक्कांसाठी उद्योगपती अडॉल्फस बुश यांनी दहा लाख मार्क मोजले. परंतु सुरुवातीच्या इंजिनांतील बिघाड, पेटंटवरून झालेले वाद, फसलेल्या गुंतवणुकी आणि खालावलेली प्रकृती यांनी ते पोखरले गेले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी इंग्लंडला जाण्यासाठी ते अँटवर्प बंदरात ड्रेस्डेन या जहाजावर चढले. रात्री जेवण करून खोलीत गेले. सकाळी बिछाना न वापरलेला आढळला. काही दिवसांनी एका डच बोटीला समुद्रात मृतदेह दिसला. त्यावरील वस्तू मुलाने ओळखल्या. आत्महत्या, अपघात की घातपात, याचा उलगडा झाला नाही. मात्र त्यांच्या डोक्यावर मोठे कर्ज असल्याचे नंतर स्पष्ट झाले. इंधनाचा थेंबन् थेंब वाचवू पाहणाऱ्या या माणसाचा अखेरचा प्रवास कोळशाच्या, वाफेवर चालणाऱ्या जहाजातून झाला.

मग हे इंजिन पिकअपमध्ये कसे आले?

डिझेल यांच्या हयातीत इंधन आत ढकलण्यासाठी दाबाखालची हवा वापरत. त्यासाठी वेगळा कॉम्प्रेसर लागे. एवढे वजनदार इंजिन कारखान्यात किंवा जहाजावर चाले. रस्त्यावरच्या गाडीत ते बसवणे अवघड होते. १९२० च्या दशकात थेट पंपाने इंधन सोडण्याचे तंत्र विकसित झाले, जर्मनीत डिझेल ट्रक रस्त्यावर आले आणि १९२७ पासून बॉश कंपनीने असे पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतले. पुढे टर्बो आणि कॉमन रेल आले. आज वाहनांतील चांगल्या डिझेल इंजिनांची कार्यक्षमता अनुकूल स्थितीत ४० टक्क्यांच्या आसपास जाते.

महाराष्ट्रात १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि डिझेल इंजिन विहिरीवर पोहोचले. मालवाहू गाडीला आपण सर्रास ‘टेम्पो’ म्हणतो, तो शब्द मुळात एका जर्मन कंपनीच्या वाहनांचे नाव. मूळच्या नगरच्या फिरोदिया घराण्यातील नवलमल फिरोदिया यांनी त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो उभी केली. पुढे तिची मॅटाडोर गावोगावी दिसू लागली.

आजच्या पिकअपवाल्याने यातून काय घ्यावे?

इंजिन कितीही चांगले असले, तरी निम्म्याहून अधिक उष्णता सायलेन्सर आणि रेडिएटरमधून जातेच. उरलेली जपणे चालकाच्या हाती असते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; महामार्गावर ताशी ६० ऐवजी ८० ने गेल्यास तो पावणेदोन पटीहून जास्त होतो. कॅबिनच्या वर रचलेला माल आणि फडफडणारी ताडपत्री त्यात भर घालतात. कमी हवेचे टायर आणि क्षमतेपेक्षा जास्त माल यांमुळे चाकांचा रोध वाढतो. कच्च्या रस्त्यावरच्या धुळीने एअर फिल्टर तुंबला, तर इंधन नीट जळत नाही आणि काळा धूर निघतो. तो धूर म्हणजे पैसे देऊन घेतलेले, पण कामी न आलेले डिझेल. लिलावाच्या रांगेत इंजिन चालू ठेवले, तर त्या वेळेचे ॲव्हरेज शून्य.

मोठ्या कारखान्यांपुढे टिकाव धरता यावा म्हणून छोट्या कारागिराच्या हाती स्वस्तात चालणारे इंजिन असावे, ही डिझेल यांची मूळ इच्छा होती. त्यांच्या हयातीत ते इंजिन मुख्यतः बड्या उद्योगांच्याच उपयोगी पडले. कर्जाचे हप्ते फेडत स्वतःची एकच गाडी चालवणाऱ्या नेवाशाच्या पिकअप मालकापर्यंत ते पोहोचले, तेव्हा त्यांना जाऊन कित्येक दशके लोटली होती.