Explained नव्हे, साध्या शब्दांत: ५ इंची स्क्रीन अन् ११ किलोची पेटी, ॲडम ऑस्बोर्न यांचा पोर्टेबल कॉम्प्युटर का चमकला आणि का बुडाला?

आज लॅपटॉप सहज पाठीवरच्या बॅगेत मावतो. पण १९८१ मध्ये कॉम्प्युटर उचलून नेता येतो, हीच मोठी बातमी होती. ती घडवली ॲडम ऑस्बोर्न यांनी. त्यांच्या कंपनीला यश मिळवून दिले ते एका पेटीने. पुढे त्याच पेटीच्या मापाने कंपनीला अडचणीतही आणले.

कोण होते ऑस्बोर्न?

जन्म १९३९ चा, बँकॉकमधला. वडील आर्थर ऑस्बोर्न हे रमण महर्षींचे अनुयायी, त्यामुळे ॲडम यांचे बालपण तमिळनाडूत, तिरुवन्नामलईत गेले. पुढे इंग्लंडला शिक्षण आणि अमेरिकेत केमिकल इंजिनीअरिंगमध्ये पीएचडी झाली. नोकरी सोडून त्यांनी मायक्रोकॉम्प्युटरवरची सोपी पुस्तके लिहायला आणि छापायला सुरुवात केली. १९७९ मध्ये हा प्रकाशन व्यवसाय त्यांनी मॅकग्रॉ-हिलला विकला आणि ते कॉम्प्युटर बनवण्याकडे वळले.

पेटी अशीच का?

त्या काळी कॉम्प्युटर, मॉनिटर, डिस्क ड्राइव्ह आणि सॉफ्टवेअर वेगवेगळे विकत घ्यावे लागे. ऑस्बोर्न यांना सगळे एकाच पेटीत हवे होते, तेही विमानातल्या सीटखाली मावेल अशा पेटीत. रचनेचे काम इंजिनीअर ली फेल्सेनस्टाइन यांनी केले.

शिलाई मशीनच्या पेटीसारखी दिसणारी प्लास्टिकची केस, झाकण उघडले की तोच कीबोर्ड. समोर दोन फ्लॉपी ड्राइव्ह, त्यांच्याखाली फ्लॉपी ठेवायचे कप्पे आणि मधोमध स्क्रीन. मापाच्या या हिशेबात स्क्रीनच्या वाट्याला जेमतेम ५ इंच आले. वजन सुमारे ११ किलो, आणि चालवायला भिंतीवरचा प्लग लागे.

किंमत होती १,७९५ डॉलर. सोबत वर्डस्टार, सुपरकॅल्क असे सॉफ्टवेअर. ते वेगळे घेतले तर त्याचेच सुमारे १,५०० डॉलर झाले असते. त्यामुळे ‘ऑस्बोर्न १’वर ग्राहकांच्या उड्या पडल्या. भराच्या काळात महिन्याला सुमारे १० हजार कॉम्प्युटर विकले जात होते.

गाडी कुठे अडली?

एवढ्याशा स्क्रीनवर एका ओळीत ५२ च अक्षरे दिसत. ऑफिसच्या कामात ८० अक्षरांची ओळ रूढ होती. लांब ओळ वाचायची तर स्क्रीन डावी-उजवीकडे सरकवावी लागे. मोबाइलवर रुंद एक्सेल शीट उघडली की जे होते, तेच.

१९८२ मध्ये ‘केप्रो २’ आला. किंमत तीच, १,७९५ डॉलर. केस धातूची, पण स्क्रीन ९ इंची आणि ओळीत पूर्ण ८० अक्षरे. ऑस्बोर्नच्या पेटीत मोठी स्क्रीन बसवायला जागाच नव्हती. त्यासाठी पेटीच नव्याने आखावी लागणार होती. त्याच वर्षाअखेर कॉम्पॅकने आयबीएमशी जुळणारा पोर्टेबल जाहीर केला.

‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणजे काय?

उत्तर म्हणून कंपनीने ७ इंची स्क्रीनचा ‘एक्झिक्युटिव्ह’ आणायचे ठरवले. पण तो दुकानांत पोहोचण्याआधीच त्याची चर्चा पसरली. नवा येणारच आहे, मग जुना कशाला घ्या, असा विचार करून विक्रेत्यांनी ऑर्डर थांबवल्या. जुना माल पडून राहिला, पैसा अडकला. सप्टेंबर १९८३ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. नवे उत्पादन लवकर जाहीर करून जुन्याची विक्री मारण्याला तेव्हापासून ‘ऑस्बोर्न इफेक्ट’ म्हणतात.

मात्र सगळा दोष त्या एका घोषणेचा नव्हता. केप्रोची स्पर्धा आणि आयबीएमकडे वळलेला बाजार, ही कारणेही तितकीच मोठी होती.

पुढे काय झाले?

१९८४ मध्ये त्यांनी स्वस्त सॉफ्टवेअर विकणारी ‘पेपरबॅक सॉफ्टवेअर’ कंपनी काढली. लोटस कंपनीने कॉपीराइटचा खटला भरला आणि १९९० मध्ये निकाल ऑस्बोर्न यांच्या विरोधात गेला. प्रकृती ढासळल्यावर ते भारतात परतले आणि बहिणीकडे राहिले. मार्च २००३ मध्ये कोडाईकनालला त्यांचे निधन झाले.

त्यांचे नाव आज एका चुकीशी जोडले जाते. पण स्क्रीन, कीबोर्ड आणि सॉफ्टवेअर एकत्र घेऊन घराबाहेर पडता येते, हे बाजाराला पहिल्यांदा पटवून दिले ते त्यांच्याच पेटीने.