ओल्गा लादिझेन्स्काया : प्रवाहाचा अंतिम ठाव शोधणारी गणिती

विद्यालयाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र असावे, अशी आमच्या माजी विद्यार्थ्यांची व पालकांची अपेक्षा असते. यंदा आम्ही ज्या विदुषीचे चरित्र सादर करीत आहोत, तिचे नाव गणिताच्या जगात सर्वत्र आदराने घेतले जाते. आपल्याकडे मात्र ते फारसे पोहोचलेले नाही. ही विदुषी म्हणजे रशियातील ओल्गा अलेक्सांद्रोव्हना लादिझेन्स्काया. शाळेत प्रवेश मिळूनही वर्गाच्या एका कोपऱ्यात वेगळे बसावे लागणे म्हणजे काय, हे बाबासाहेबांच्या बालपणातून आपल्या घराघरांत ठाऊक आहे. त्यामुळे ओल्गाबाईंची कथा दूरदेशीची असली, तरी आपल्या वाचकांना ती परकी वाटणार नाही, असा आमचा विश्वास आहे.

ओल्गाबाईंचा जन्म 7 मार्च 1922 रोजी कोलोग्रिव या गावी झाला. उंझा नदीच्या काठी, घनदाट अरण्याच्या प्रदेशात वसलेले हे लहानसे गाव. वडील अलेक्सांद्र इवानोविच हे तेथील शाळेत गणिताचे शिक्षक होते. तीन मुलींमध्ये ओल्गा धाकटी. उन्हाळ्याच्या सुट्टीत वडील मुलींना भूमितीच्या मूळ कल्पना समजावून देत, मग एखादे प्रमेय मांडत आणि त्याची सिद्धता मुलींनीच शोधावी, असा त्यांचा आग्रह असे. धाकटीची बुद्धी या कामी विलक्षण चालते, हे लवकरच सर्वांच्या ध्यानात आले. बापलेकींचे हे अध्ययन पुढे कलनशास्त्रापर्यंत गेले.

1937 साली या घरावर आकाश कोसळले. स्तालिनच्या राजवटीत त्या वर्षी लक्षावधी निरपराध माणसांना पकडण्यात आले. त्यांत अलेक्सांद्र इवानोविचही होते. ऑक्टोबर महिन्यात त्यांना अटक झाली आणि त्याच महिन्यात देहदंड देण्यात आला. ओल्गा तेव्हा पंधरा वर्षांची होती. त्या दिवसापासून ती एका शिक्षकाची मुलगी राहिली नाही; सरकारी दप्तरी ती लोकशत्रूची कन्या ठरली. थोरल्या बहिणींचे शिक्षण थांबवण्यात आले. मायलेकी घरीच कपडे, पादत्राणे व साबण तयार करून कसाबसा उदरनिर्वाह करू लागल्या. ओल्गाला मात्र शाळा पूर्ण करण्याची अनुमती मिळाली आणि 1939 साली ती उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाली.

लेनिनग्राद विद्यापीठाने तिला प्रवेश नाकारला. तिच्या गुणांत कोणतीही उणीव नव्हती. आड आले ते वडिलांचे नाव. त्याच शहरातील एका अध्यापक-प्रशिक्षण संस्थेत तिला जागा मिळाली; परंतु 1941 साली युद्ध पेटले आणि तिला शहर सोडावे लागले. अखेर ती कोलोग्रिवला परतली आणि ज्या शाळेत वडील शिकवत होते, त्याच शाळेत गणित शिकवू लागली. बापाचा जीव घेणाऱ्या राजवटीत, बापाच्याच फळ्यापुढे उभे राहून या तरुणीने गावातील मुले शिकवली.

पुढील घटना आमच्या मते या चरित्राचा मध्यबिंदू आहे. तिच्या एका विद्यार्थ्याच्या आईने या तरुण शिक्षिकेची योग्यता ओळखली व तिच्यासाठी खटपट केली. त्या माउलीच्या साहाय्याने 1943 साली ओल्गाला मॉस्को विद्यापीठाचे दार उघडले. तेथे इवान पेत्रोव्स्की यांच्यासारखे गुरू लाभले आणि आंशिक विकलक समीकरणे हा तिच्या आयुष्याचा विषय ठरला. 1947 साली पदवी घेऊन ती लेनिनग्रादला आली. ज्या शहराच्या विद्यापीठाने तिला परत पाठवले होते, त्याच शहरात तिने पुढील सारे आयुष्य संशोधनात आणि अध्यापनात घालवले. स्तेक्लोव्ह गणित संस्थेच्या तेथील शाखेत गणितीय भौतिकीच्या प्रयोगशाळेची धुरा त्यांनी दीर्घकाळ वाहिली.

त्यांचे कार्य काय होते, हे सोप्या शब्दांत सांगण्याचा आम्ही प्रयत्न करतो. पाणी, हवा यांसारख्या पदार्थांच्या वहनाचे नियम नाव्हिए-स्टोक्स या समीकरणांत मांडलेले आहेत. ही समीकरणे अरेषीय आहेत. म्हणजे कारण दुप्पट केले तर परिणामही दुप्पटच होईल, असा त्यांत नियम नाही. प्रवाह स्वतःच स्वतःला ओढतो, वळवतो, भोवऱ्यांतून नवे भोवरे काढतो. अशा समीकरणांना सर्व काळासाठी उत्तर असते काय आणि ते एकमेव असते काय, हाच मुळात बिकट प्रश्न आहे. द्विमितीय प्रवाहापुरते या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर ओल्गाबाईंनी 1950 नंतरच्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केले. त्यासाठी त्यांनी वापरलेली असमानता आज त्यांच्याच नावाने ओळखली जाते. त्रिमितीय प्रवाहाचा प्रश्न अद्याप अनिर्णित असून 2000 साली त्यावर दहा लाख डॉलरचे पारितोषिक जाहीर झाले आहे.

1972 साली त्यांनी याहून पुढचा प्रश्न हाती घेतला. उत्तर आहे हे कळले. पण दीर्घकाळ लोटल्यावर प्रवाहाचे होते काय? एका मोठ्या पातेल्यातील पाणी एकसारख्या जोराने ढवळले जात आहे, अशी कल्पना करावी. ढवळण्यातून पाण्याला सतत ऊर्जा मिळते आणि पाण्याच्या अंगच्या चिकटपणामुळे ती सतत झिजतही जाते. आरंभी पाणी स्तब्ध असो, उजवीकडे फिरत असो वा डावीकडे. पुरेसा काळ गेला की आरंभीच्या गतीची खूण पुसट होत जाते आणि प्रवाह शक्य अवस्थांच्या एका मर्यादित समूहाकडे ओढला जातो. या समूहाला आज वैश्विक आकर्षक म्हणतात. तेथे पोहोचल्यावर प्रवाह स्थिर होतोच असे नाही. त्या समूहात तो अखंड, कधी अत्यंत गुंतागुंतीनेही, फिरत राहू शकतो. पण आरंभ कोठूनही झालेला असो, जाणे त्याच समूहाकडे असते.

द्विमितीय प्रवाहासाठी असा समूह खरोखरच असतो, हे ओल्गाबाईंनी सिद्ध केले. प्रवाहाच्या प्रत्येक बिंदूवरील वेग सांगायचा तर अनंत संख्या लागतात. या अंतिम समूहातील प्रवाहाचा संपूर्ण प्रवास मात्र मोजक्या, सांत संख्येच्या घटकांच्या प्रवासावरून निश्चित होतो, हेही त्यांनी दाखवले. पुढे अनेक देशांतील गणितज्ञांनी या पायावर मोठे शास्त्र उभे केले. 1991 साली त्यांचा आकर्षकांवरील ग्रंथ केंब्रिज येथून प्रसिद्ध झाला.

सन्मान आले, पण उशिरा. 1958 साली फील्ड्स पदकासाठी त्यांचे नाव विचाराधीन होते. ते पदक त्यांना मिळाले नाही. पश्चिमेकडील देशांत जाण्याची मुभा त्यांना कित्येक वर्षे नव्हती. वडिलांवरील कलंक राज्यकर्त्यांनी 1956 साली अधिकृतपणे पुसला. गेलेला माणूस त्यामुळे परत येणार नव्हता. 1990 साली त्या विज्ञान अकादमीच्या पूर्ण सदस्य झाल्या आणि 2002 साली त्यांना लोमोनोसोव्ह सुवर्णपदक मिळाले. राजवटीच्या रोषाला पात्र ठरलेल्या साहित्यिकांशी, विशेषतः कवयित्री आन्ना आख्मातोवा यांच्याशी, त्यांनी उघडपणे स्नेह राखला. उतारवयात दृष्टी मंदावली, तरी लेखन थांबले नाही. 12 जानेवारी 2004 रोजी, सेंट पीटर्सबर्ग हे जुने नाव पुन्हा धारण केलेल्या त्याच नगरीत त्यांचे देहावसान झाले.

आरंभावरून शेवट ठरत नाही, हे पाण्याच्या प्रवाहाबाबत ज्या बाईंनी सिद्ध केले, त्यांचा शेवट त्यांच्या आरंभावरून ठरवण्याचा राज्यकर्त्यांनी प्रयत्न केला होता, हा योग आम्हांला विसरता येत नाही. मात्र गणिताचे प्रमेय माणसांवर जसेच्या तसे लावू नये. पाण्याच्या आरंभीच्या गतीची खूण चिकटपणामुळे आपोआप पुसली जाते. समाजाने माणसावर मारलेला शिक्का आपोआप पुसला जात नाही. तो पुसायला माणसेच पुढे यावी लागतात. कोलोग्रिवमध्ये ते काम मुलींपुढे प्रमेय ठेवणाऱ्या एका पित्याने केले आणि त्याच्या पश्चात एका विद्यार्थ्याच्या आईने.

आमच्या वसतिगृहात दरवर्षी नवी मुले येतात, तेव्हा त्यांच्याबरोबर कोणत्या ना कोणत्या शिक्क्याचे ओझेही येते. माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आमची एवढीच विनंती आहे, की त्या माउलीचे स्मरण ठेवावे. एखाद्या मुलीसाठी एक दार उघडण्याची संधी आपल्याही वाट्याला येईल. ती संधी आपण दवडू नये.