स्टेशनमास्तरांचा मुलगा : झोल्तान कोदाय

स्मरणिकेसाठी थोर व्यक्तीचे चरित्र लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा मी निवडलेले नाव ऐकून चिटणीस जरा विचारात पडले. हंगेरीचा संगीतकार आणि लिहिणार कोण, तर पी-वे खात्यातला डिप्लोमावाला! खुलासा असा की, कोदाय यांच्याविषयी मी पहिल्यांदा वाचले ते संगीतासाठी नव्हे. ग्रंथालयात एक जुना कोश चाळताना ‘वडील रेल्वेत नोकरीला’ एवढे शब्द दिसले आणि पान उलटायचे राहिले. रेल्वेवाल्याचे लक्ष रेल्वेवाल्याकडे जायचेच. पुढे मिळेल तेवढे वाचत गेलो आणि हा माणूस आपल्या कॉलनीतल्या प्रत्येक आईबापाला माहीत असायला हवा, असे वाटू लागले.

झोल्तान कोदाय यांचा जन्म १६ डिसेंबर १८८२ रोजी हंगेरीतल्या केचकेमेत या गावी झाला. वडील फ्रिजेश रेल्वे अधिकारी. बदलीची नोकरी म्हटल्यावर पुढचे आपल्याला सांगायला नकोच. मुलगा लहान असतानाच बिऱ्हाड केचकेमेतहून सोब या स्टेशनात गेले, तिथून १८८५ मध्ये गलांता येथे आणि १८९२ मध्ये नॉजसोंबॉत या शहरात. (ही शेवटची दोन्ही ठिकाणे आज स्लोव्हाकिया देशात आहेत. नॉजसोंबॉतला आता त्रनावा म्हणतात.) वडील व्हायोलिन वाजवत, आई पियानो वाजवी आणि गातही असे. घरी मित्रमंडळी जमून चार वाद्यांची मैफल करायची, पण चेलो वाजवणारा मिळेना. तेव्हा झोल्तान आपला आपणच चेलो शिकला. कॉलनीत नाटक बसवताना तबलजी मिळाला नाही की घरचाच एखादा मुलगा तयार होतो, तसाच हा प्रकार.

गलांता इथली सात वर्षे त्यांनी जन्मभर जपली. तिथल्या प्राथमिक शाळेत ते गावातल्या अनवाणी मुलांबरोबर बसले, त्यांचे खेळ खेळले, त्यांची गाणी गायले. गावात जिप्सी वादकांचा एक प्रसिद्ध ताफा होता, त्याचे वादन कानावर पडत असे. १९३३ मध्ये बुडापेस्टच्या फिलहार्मोनिक संस्थेला ८० वर्षे झाली, त्या निमित्ताने त्यांनी ‘गलांताची नृत्ये’ ही वाद्यवृंदाची रचना केली. त्यानंतर चार वर्षांनी मुलांनी दोन आवाजांत गायच्या गाण्यांचे पुस्तक काढले, तेव्हा ती गाणी आपण गलांताच्या त्या अनवाणी सवंगड्यांना आठवून लिहिली, असे प्रस्तावनेत नमूद केले. जगभर नाव झालेल्या माणसाने एका स्टेशनच्या गावातल्या शाळासोबत्यांची अशी आठवण ठेवावी, हे मला फार मोठे वाटते.

१९०० मध्ये ते बुडापेस्टला शिकायला गेले. विद्यापीठात भाषा आणि संगीत अकादमीत रचना असे दोन्ही अभ्यास बरोबरीने केले. राजधानीतल्या सुशिक्षित घरांत तेव्हा जर्मन संगीताचे वजन मोठे होते. खेड्यातल्या हंगेरियन गाण्याला तिथे कोणी विचारत नव्हते. १९०५ मध्ये कोदाय गलांताच्या आसपासच्या खेड्यांतून गाणी टिपून घेत हिंडले आणि १९०६ मध्ये लोकगीतांच्या कडव्यांच्या रचनेवर डॉक्टरेट मिळवली. याच काळात बेला बार्तोक यांच्याशी मैत्री झाली. दोघांनी खेडोपाडी जाऊन, मेणाच्या नळकांड्यांवर आवाज धरणारे फोनोग्राफ यंत्र वापरून, म्हाताऱ्याकोताऱ्यांकडून गाणी मिळवली. १९०७ पासून कोदाय अकादमीत शिकवू लागले. १९१९ च्या राजकीय उलथापालथीत चौकशी मागे लागली आणि काही काळ शिकवणे बंद झाले. १९२३ मध्ये त्यांच्या ‘साल्मुस हुंगारिकुस’ या रचनेने ते देशभर गाजले.

इथपर्यंतची गोष्ट एका यशस्वी संगीतकाराची झाली. वयाच्या चाळिशीनंतर मात्र त्यांनी जे केले, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१९२५ मध्ये बुडापेस्टच्या एका शाळेतल्या मुलांनी त्यांच्या दोन रचना गायल्या. साध्या शाळेतली मुले एवढे चांगले गाऊ शकतात, हे त्यांना दिसले. त्याच सुमारास बुडाच्या टेकड्यांवर फिरताना सहलीला आलेल्या मुलींचे गाणे त्यांच्या कानावर पडले. अगदी सुमार दर्जाची गाणी, आणि गाणाऱ्या मुली अध्यापन विद्यालयातल्या, म्हणजे उद्याच्या शिक्षिका! या दोन गोष्टींनी त्यांचा रोख बदलला. १९२९ मध्ये त्यांनी मुलांच्या समूहगायनावर एक लेख लिहिला. त्यात त्यांचे म्हणणे असे होते की, राजधानीतल्या ऑपेराचा संचालक कोण आहे यापेक्षा एखाद्या आडगावच्या शाळेत गाणे कोण शिकवतो, हे जास्त महत्त्वाचे. संचालक वाईट निघाला तर तो जातो, पण वाईट शिक्षक तीस वर्षे तीस तुकड्यांतल्या मुलांच्या मनातून संगीताची आवड उपटून टाकतो. आम्हा पी-वेवाल्यांना हे लगेच पटते. मुख्यालयात कोण बसले आहे यावर गाडी रुळावर राहत नाही. ती राहते कीमन रोज सकाळी किती मन लावून चालतो यावर.

मग शिकवायचे कसे? आधी वाद्य नको, आधी गळा. गळा गरिबाकडेही असतो. वय म्हणाल तर बालवाडीचे. सुरुवात कधी करावी यावर ते गमतीने मूल जन्मण्याच्या नऊ महिने आधी असे सांगत, आणि पुढे तेही दुरुस्त करून आईच्या जन्माआधी नऊ महिने म्हणू लागले. आणि गाणे कोणते, तर मुलाच्या स्वतःच्या भाषेतले, खेळता खेळता म्हणायचे. फेर धरायचा, दोघांनी हात उंच जोडून कमान करायची आणि बाकीच्यांनी खालून पळायचे, गाण्याच्या ठेक्यावर चालायचे आणि बोलांवर टाळ्या द्यायच्या. आपल्या झिम्मा-फुगडी आणि भोंडल्याच्या फेराची ही सख्खी भावंडे. पाय मात्रा धरतात, हात लय धरतात, आणि मुलाला आपण काही शिकतो आहोत याचा पत्ताही नसतो. मला सर्वांत आवडलेला खेळ म्हणजे गाणे लपवणे. बाईंनी खूण केली की सगळे गप्प, पण चालणे चालूच आणि गाणे मनातल्या मनात. पुन्हा खूण झाली की सगळ्यांनी एकदम पुढच्या शब्दावर यायचे. कान आतून तयार होतो तो असा.

स्वरज्ञान यानंतर येते. लहान मुलाला उतरती दोन स्वरांची हाक सोपी जाते, आपल्या भाषेत पंचमावरून गंधारावर. त्यात धैवत मिळवायचा, मग षड्ज आणि ऋषभ. झाले पाच स्वर! जाणकारांनी ओळखलेच असेल की हे आपल्या भूपाचे स्वर. मध्यम आणि निषाद जवळच्या अंतरांमुळे कोवळ्या गळ्याला अवघड, म्हणून ते मागाहून. फ्रान्स-इटलीत ‘डो’ म्हणजे ठरलेली एकच पट्टी असते. कोदाय यांच्या पद्धतीत मात्र ‘डो’ कुठूनही धरता येतो, जसा आपण काळी एक किंवा काळी पाचचा ‘सा’ धरतो. प्रत्येक स्वराला हाताची खूण आहे. ‘डो’ला मूठ, ‘मी’ला आडवा तळहात. एका मात्रेच्या स्वराला ‘ता’ आणि अर्ध्याअर्ध्या मात्रेच्या जोडीला ‘ती-ती’ म्हणायचे. पूर्वी १३ मीटरच्या रुळांच्या सांध्यांवरून गाडी जाताना आपण जे ऐकत होतो, ते जवळजवळ हेच. आता लांब वेल्डेड रुळांमुळे प्रवास सुखाचा झाला, पण गाडीचे ते ‘ती-ती’ गेले.

यातले सगळे कोदाय यांनी शोधले असे मात्र नाही. हाताच्या खुणा इंग्लंडच्या जॉन कर्वेन यांच्याकडून आल्या, लयीची अक्षरे फ्रान्समधून, आणि वर्गात उतरेल असा क्रम लावण्यात येनो आदाम यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा मोठा हात होता. कोदाय यांचे काम म्हणजे या सर्वांमागचा आग्रह आणि मुलांना गायला दिलेली शेकडो गाणी व स्वरपाठ. एवढा मोठा रचनाकार, पण मुलांच्या चार ओळींच्या गाण्यावर त्याने मोठ्या रचनेइतकेच कष्ट घेतले.

दुसऱ्या महायुद्धाने त्यांचीही परीक्षा पाहिली. पत्नी एमा ज्यू कुळातल्या. बुडापेस्टला वेढा पडला तेव्हा या जोडप्याने एका मठाच्या तळघरात आणि नंतर ऑपेराच्या इमारतीत आसरा घेतला. त्यांची ‘मिस्सा ब्रेविस’ ही रचना १९४५ च्या सुरुवातीला पहिल्यांदा ऐकवली गेली ती ऑपेराच्या कोट ठेवायच्या दालनात. बाहेर शहर उद्ध्वस्त झाले होते.

युद्धानंतर त्यांच्या कल्पनेला शाळा मिळाली. १९५० मध्ये त्यांच्या जन्मगावी, केचकेमेतला, मार्ता नेमेशसेघी यांनी रोज गाण्याचा तास असलेली प्राथमिक शाळा सुरू केली. पुढच्या काही वर्षांत अशा शाळा देशभर शंभराच्या वर गेल्या. १९५१ मध्ये हंगेरियन लोकसंगीताच्या महाकोशाचा पहिला खंड निघाला. बार्तोक आणि कोदाय यांच्या आयुष्यभराच्या संग्रहातून पहिल्या खंडाचा मान लावणी-पेरणीच्या किंवा लग्नाच्या गाण्यांना मिळाला नाही, तो मिळाला मुलांच्या खेळगाण्यांना. एमा १९५८ मध्ये वारल्या. पुढच्या वर्षी कोदाय यांनी सारोल्ता पेत्सेली यांच्याशी विवाह केला. १९६४ मध्ये संगीतशिक्षकांची जागतिक परिषद बुडापेस्टला भरली, तेव्हा देशोदेशींच्या शिक्षकांनी हे वर्ग प्रत्यक्ष पाहिले. ६ मार्च १९६७ रोजी कोदाय यांचे निधन झाले. २०१६ मध्ये युनेस्कोने लोकसंगीत जतन करण्याच्या त्यांच्या पद्धतीची आदर्श उपक्रमांच्या नोंदवहीत नोंद केली.

आता थोडे घरचे. इथे खरगपूरला आपली मुले शाळेत हिंदी-इंग्रजी आणि मैदानावर बांगला बोलतात. त्यात वाईट काहीच नाही, गलांतालाही चार भाषा कानावर पडत. पण आपल्या उत्सवातले मुलांचे कार्यक्रम पाहतो तेव्हा बहुतेक वेळा गाणे स्पीकरमधून येते आणि मुले ओठ मिटून नाचतात. म्हणून यंदा सांस्कृतिक समितीला विनंती करून एक छोटा कार्यक्रम ठेवून घेतला आहे. पाच ते आठ वर्षांची मुले, फेराची चार मराठी गाणी, आणि स्पीकर बंद. गाणी मात्र कमी पडत आहेत. ज्यांच्या घरी आई, आजी किंवा मावशी आल्या असतील, त्यांनी त्यांना आठवणारी खेळगाणी चालीसकट सांगावीत. मंडपात पावतीच्या टेबलावर त्यासाठी एक वही ठेवली आहे, आणि चाल मोबाइलवर टिपून घ्यायला संध्याकाळी सात ते आठ मी तिथे असतो.