चार गावं, एक सदरा आणि मॅट्रिकची परीक्षा

दोस्तांनो, जून-जुलै आला की शेलूबाजारच्या चौकात एक ओळखीचं दृश्य दिसतं. एकीकडे पेरणीची घाई, सोयाबीनच्या बियाण्याच्या बॅगा, ट्रॅक्टरची ये-जा. आणि दुसरीकडे सुतळीने बांधलेली गादी, एक बादली आणि पुस्तकांचं खोकं घेऊन बसची वाट बघणारी पोरं-पोरी. कुणी वाशिमला निघालेलं असतं, कुणी अकोल्याला, कुणी अमरावतीला, तर कुणी थेट पुण्याला.

पुढचं तुम्हाला सांगायला नको. रूमचं डिपॉझिट, मेसचा डबा, सकाळी अभ्यासिका, संध्याकाळी मेडिकलच्या दुकानात नाहीतर पार्सल वाटायचं काम. जरा घडी बसते न बसते तोच घरमालक म्हणतो, पुढच्या महिन्यात खोली रिकामी करा. आणि नेमकी त्याच महिन्यात परीक्षा! मग पुन्हा तीच गादी, तीच सुतळी.

असं झालं की वाटतं, आपलंच नशीब असं. म्हणून आज एका अशा माणसाची गोष्ट सांगतो, ज्याचं शिक्षण याच तीन गोष्टींत झालं : बिऱ्हाड हलवणं, पोटासाठी काम करणं आणि परीक्षा देणं. हा माणूस मॅट्रिक झाला तो आपल्या अकोल्यातून. आपला मंगरूळपीर तालुका १९९८ मध्ये वाशिम जिल्ह्यात आला. त्याआधी आपणही अकोला जिल्ह्यातलेच की! तेव्हा थोडा हक्काने म्हणू या, आपल्या भागात शिकलेला मुलगा. त्याचं नाव गोपाळ गणेश आगरकर.

नाव तुम्ही ऐकलंय. शाळेच्या पुस्तकात दोन ओळी असतात : थोर समाजसुधारक, केसरीचे पहिले संपादक, सुधारक पत्राचे संस्थापक. दोन मार्कांचा प्रश्न, की संपलं. पण ‘थोर’ होण्याआधीची वीस-बावीस वर्षं या दोन ओळींत येत नाहीत. आणि तुमच्या-माझ्या कामाची वर्षं तीच आहेत.

टेंभू ते अकोला

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ चा, कराडजवळच्या टेंभू या खेड्यातला. लोकमान्य टिळकही त्याच महिन्यातले, फक्त नऊ दिवसांनी धाकटे. टिळकांच्या घरी निदान शिक्षकाचा पगार येत होता. आगरकरांच्या घरी तेवढाही आधार नव्हता. गावात पुढे शिकायची सोय नाही, म्हणून पोराला कराडला आजोळी ठेवलं. पहिलं बिऱ्हाड हललं ते असं, लहान वयात.

कराडचं शिक्षण संपलं आणि गाडी अडली. इंग्रजी शिकायचं तर मोठ्या गावी जायला हवं, आणि जायचं तर पैसे हवेत. मग या मुलाने काय केलं? मिळेल ते काम धरलं. सरकारी कचेरीत उमेदवारी केली. म्हणजे आजच्या भाषेत बिनपगारी नाहीतर नाममात्र पगाराची इंटर्नशिप. दिवसभर कागद खरडायचे आणि कधीतरी कायम करतील म्हणून आशेवर राहायचं. काही काळ दवाखान्यात कंपाउंडरचंही काम केलं. मधे शिक्षणासाठी रत्नागिरीला जाऊन पाहिलं. पण तिथे राहण्या-जेवण्याची सोय टिकेना. आले परत कराडला.

इथे जरा थांबा. त्या काळी गरीब विद्यार्थ्याला ना होस्टेल होतं ना मेस. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी असं वार लावून जेवायचं, नाहीतर माधुकरी मागायची. एखाद्या घरी पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, की त्या वारी उपास. ‘सोय टिकेना’ हे दोन शब्द लिहायला सोपे आहेत. पण शिकायला म्हणून गेलेला मुलगा हात हलवत परत येतो, गावातले लोक विचारतात, आणि तो पुन्हा नोकरी शोधायला लागतो, हे तुमच्यापैकी ज्यांनी अनुभवलंय त्यांना त्याचं वजन कळेल.

मग नातेवाइकांच्या आधाराने तो मुलगा वऱ्हाडात, अकोल्याला आला. कुठे कृष्णाकाठचं कराड आणि कुठे अकोला! बोली वेगळी, ऊन वेगळं, माणसं वेगळी. १८५३ पासून वऱ्हाडाचा कारभार इंग्रजांच्या हाती होता, नुकतीच रेल्वे आली होती आणि कापसाच्या व्यापाराने अकोला वाढत होतं. चौथं गाव, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

अकोल्यात काय मिळालं?

अकोल्यात आगरकरांना दोन गोष्टी मिळाल्या. पहिली, नीट शाळा. दुसरी, शाळेपेक्षाही मोठी : विष्णु मोरेश्वर महाजनी यांच्यासारखा शिक्षक. महाजनी स्वतः साहित्यात रमणारे. पुढे त्यांनी शेक्सपिअरच्या नाटकांची मराठी रूपांतरं केली. या मुलाची हुशारी त्यांनी ओळखली. आणि पुढे पुण्याला जायची वेळ आली तेव्हा नुसता आशीर्वाद देऊन ते थांबले नाहीत, मदतही केली.

१८७५ मध्ये आगरकर मॅट्रिक झाले. तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. आज आपण पंधरा-सोळाव्या वर्षी दहावी होतो आणि एक वर्ष वाया गेलं की घरात सुतक पाळतो. आगरकरांची तर दोन-तीन वर्षं नोकऱ्यांत आणि गावं बदलण्यात गेली. ती वाया गेली का? कचेरीत त्यांना कागदाची आणि कारभाराची भाषा दिसली. दवाखान्यात दुखणाईत माणसं दिसली. चार गावांतल्या चार घरांत राहून घरातल्या बायकांचं, विधवांचं जगणं जवळून दिसलं असणार. पुढे त्यांनी बालविवाह, विधवांचं केशवपन आणि स्त्रीशिक्षण यांवर जे लिहिलं, त्यात पुस्तकी वास कमी येतो याचं एक कारण मला हे वाटतं.

एका सदऱ्यावर बी.ए.

मॅट्रिकनंतर पुणे. डेक्कन कॉलेज. खर्च भागवायला आगरकरांनी जमेल ते केलं. अकोल्याच्या ‘वऱ्हाड समाचार’ पत्रात लिहिलं. निबंधाच्या, वक्तृत्वाच्या स्पर्धांत भाग घेऊन बक्षिसं मिळवली. शिष्यवृत्ती मिळवली. अंगात घालायला एकच सदरा होता. तो रात्री धुवायचा, वाळत घालायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचं. परीक्षेची फी भरायला पैसे नव्हते म्हणून त्यांनी नाटक लिहून ते विकायचा बेत केला, हे कळल्यावर गणिताचे प्राध्यापक केरूनाना छत्रे यांनी मदत केली, अशी आठवण सांगितली जाते.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. पोटासाठी कचेरीत आणि दवाखान्यात काम करणारा हा मुलगा पुण्यात पोचल्यावर अभ्यासाशी नातं असलेलं काम शोधतो. लिहितो, बोलतो, स्पर्धा देतो. म्हणजे कमाईही होते आणि हातही तयार होतो. तुमच्यात कुणी खालच्या वर्गाच्या पोरांची शिकवणी घेत असेल, कुणी सायबर कॅफेत लोकांचे फॉर्म भरून देत असेल. फॉर्म भरता भरता नियम पाठ होतात की नाही? तसंच हे. अर्थात प्रत्येकाला असं काम मिळेलच असं नाही. आगरकरांनाही ते आधी मिळालं नव्हतं.

१८७८ मध्ये ते बी.ए. झाले आणि मग एम.ए.च्या अभ्यासाला लागले. इथेच टिळकांशी गट्टी जमली. देशाचं काय करायचं यावर दोघांच्या तासन् तास चर्चा व्हायच्या. शेवटी ठरलं : सरकारी नोकरी करायची नाही, आपली शाळा काढायची.

आता खरी परीक्षा

विचार करा. त्या काळात एम.ए. झालेली माणसं बोटावर मोजण्याइतकी. सरकारी नोकरी दारात उभी, पगार भक्कम. टेंभूला आई वाट बघतेय की लेक शिकला, आता दिवस पालटतील. आणि हा लेक आईला पत्र लिहून कळवतो, की मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरत्या पैशात समाधान मानून मी माझा वेळ लोकांच्या कामाला देणार आहे.

ते पत्र आईच्या हाती पडलं तेव्हा त्या घरात काय झालं असेल? घरून फोन आला की पहिला प्रश्न ‘नोकरीचं काय झालं’ हाच असतो, अशांना ते बरोब्बर कळेल. आगरकरांचा निर्णय मोठा होता, पण तो फुकटचा नव्हता. त्याची किंमत घरच्यांनीही मोजली, त्यांच्या पत्नी यशोदाबाईंनी तर आयुष्यभर मोजली. ही बाजू आपण सोडून देतो, ती सोडू नये.

पुढचा प्रवास पटापट सांगतो, कारण तो पुस्तकांत आहे. १८८० च्या सुरुवातीला विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळकांनी पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल सुरू केलं. एम.ए. उरकून आगरकर तिथे दाखल झाले. जानेवारी १८८१ मध्ये केसरी निघाला, आगरकर संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर संस्थानच्या दिवाणाविषयी छापलेल्या मजकुरावरून बदनामीचा खटला झाला. टिळक-आगरकर दोघंही मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात गेले. १०१ दिवस. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिलं. तुरुंगाची खोली, तिथलं जेवण, दोघांचे वाद, सगळं त्यात आहे आणि सांगण्यात चक्क विनोद आहे. राहायच्या वाईट जागांची सवय लहानपणापासून होती ना!

१८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज उभं राहिलं. मित्रांमध्ये मतभेद वाढले. आधी स्वराज्य की आधी समाजसुधारणा, हा वाद तुम्हाला माहीत आहे. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला. दुसऱ्या वर्षी स्वतःचं ‘सुधारक’ काढलं. जे पटतं ते छापलं. लोक इतके चिडले, की ते जिवंत असताना त्यांची प्रेतयात्रा काढली. १८९२ मध्ये वामन शिवराम आपटे गेले आणि आगरकर फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. चार गावं फिरलेला तो मुलगा आता शेकडो मुलांच्या शिक्षणाची सोय बघत होता.

सदऱ्याचं कौतुक पुरे

आणि मग १७ जून १८९५. आगरकर गेले. वय अडतीस. दम्याने शरीर कधीचं पोखरलं होतं. गेल्यावर उशाशी एक पुरचुंडी सापडली, आपल्या अंत्यविधीच्या खर्चासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांची, असं सांगतात.

हे वाचून गळा दाटून येतो, ते ठीक. पण दोस्तांनो, एक गोष्ट मोकळेपणाने बोलायला हवी. आपल्याकडे अशा गोष्टी सांगताना उपाशी राहण्याचं, जागरणाचं, एका सदऱ्याचं फार कौतुक होतं. जणू हाल झाले म्हणूनच ते मोठे झाले! मला तसं वाटत नाही. त्यांना वेळेवर जेवण आणि औषध मिळालं असतं, तर कदाचित अजून वीस-पंचवीस वर्षं ‘सुधारक’ चालला असता. त्यांना पुढे नेलं ते हालांनी नाही. नेलं ते अकोल्याच्या शिक्षकाने, पुण्याच्या प्राध्यापकाने, शिष्यवृत्तीने आणि बक्षिसांनी. दर वेळी कुणीतरी हात दिला आणि त्यांनी तो घेतला, हेही तितकंच महत्त्वाचं. मदत घेण्यात त्यांना कमीपणा वाटला असता, तर ते कराडच्या कचेरीतच राहिले असते.

म्हणून रूमवर राहताना डबा बंद करून पैसे वाचवू नका. शिष्यवृत्तीचा फॉर्म, वसतिगृहाचा फॉर्म वेळेत भरा. कॉलेजात एखादे सर, एखाद्या मॅडम असतील ज्यांना तुमच्यात काही दिसतंय, त्यांच्याशी बोला. फी भरायला पैसे नसतील तर ते लपवू नका. आणि तुमचं आधीच बस्तान बसलं असेल, तर गावाकडून नव्याने आलेल्या पोराला पहिले आठ दिवस तुमच्या खोलीत गादी टाकू द्या. महाजनी होण्यासाठी शिक्षकच असावं लागतं असं नाही.

राहिला प्रश्न पास झाल्यावर काय करायचं याचा. आगरकरांसारखं सगळ्यांनी नोकरीवर पाणी सोडावं, असं कुणी म्हणणार नाही. घरचं कर्ज आहे, बहिणीचं शिक्षण आहे, बापाची तीन एकर कोरडवाहू आहे. नोकरी हवीच. पण ज्या दिवशी पहिला पगार हातात येईल, त्या दिवशी आपण कुणाच्या आधाराने इथवर आलो हे एकदा आठवा, आणि त्यातलं थोडं कुणाला तरी द्या. तेवढं तर जमेल ना?

तुमच्यातले काही जण याच महिन्यात पुण्याला चाललेत. तिथे फर्ग्युसनच्या आसपास अभ्यासिकांची गर्दी आहे आणि जवळच आगरकर रस्ता आहे. तिथून जाताना पाटी बघा. आणि जायच्या आधी आपल्या गावातल्या नाहीतर कॉलेजच्या वाचनालयात डोंगरीच्या तुरुंगाचं ते पुस्तक मिळतंय का ते विचारा. छोटंसं आहे, बसच्या प्रवासात वाचून होईल.