जॉन न्यूटन व त्याचे कृपेचे गीत

'अमेझिंग ग्रेस' या इंग्रजी गीताचा कर्ता जॉन न्यूटन. त्याची गोष्ट पुष्कळदा अशी सांगण्यात येते की, तो गुलामांचा व्यापारी होता, समुद्रात तुफान झाले, त्याने देवाचा धावा केला आणि तत्क्षणी तो पापी धंदा सोडून दिला. गोष्ट ऐकावयास गोड आहे, पण तसे घडले नाही. म्हणून जे घडले तेच वाचकांपुढे ठेवणे आम्हांस योग्य वाटते.

न्यूटन १७२५ साली लंडन येथे जन्मला. आईने त्यास बाळपणीच शास्त्र शिकविले, परंतु तो सात वर्षांचा होण्यापूर्वीच ती वारली. बाप जहाजाचा कप्तान. मुलगाही समुद्रावर गेला आणि देवनिंदेत खलाशांनाही मागे टाकू लागला. मार्च १७४८ मध्ये 'ग्रेहाउंड' जहाजावर असता रात्री भयंकर तुफान होऊन जहाज फुटले. आत लाकूड व मेण असा हलका माल होता म्हणूनच ते तरले. पंपाने पाणी उपसता उपसता त्याने देवाजवळ दया मागितली. चार आठवड्यांनी जहाज आयर्लंडच्या किनाऱ्यास लागले, तेव्हा तो प्रार्थना करणारा मनुष्य झाला होता.

आणि यानंतर तो गुलामांच्या जहाजाचा कप्तान झाला! १७५० ते १७५४ या काळात त्याने अशा तीन सफरी केल्या. जहाजाच्या पोटात आफ्रिकेतील स्त्रीपुरुष कोंडलेले, आणि वर कप्तान खलाशांची उपासना चालवीत आहे, हे चित्र आम्हांस फार दुःखद वाटते. शेवटी त्याने समुद्र सोडला तोही आजारामुळे, पश्चात्तापामुळे नव्हे.

१७६४ साली तो ऑल्नी गावी पाळक झाला. तेथील गरीब मंडळीकरिता तो गीते रचीत असे. १७७३ च्या वर्षारंभी त्याने पहिल्या इतिहासाच्या १७ व्या अध्यायातील दावीदाच्या प्रार्थनेवर उपदेश केला, त्याच प्रसंगाचे हे गीत. ते १७७९ साली छापले गेले. तरी गुलामगिरीविषयी तो अजून उघडपणे बोलला नव्हता. १७८८ साली, म्हणजे तो व्यापार सोडल्यावर चौतीस वर्षांनी, त्याने पुस्तक छापून आपला अपराध लोकांपुढे कबूल केला व पुढे पार्लमेंटपुढे साक्षही दिली. मार्च १८०७ मध्ये तो व्यापार बंद करण्याचा कायदा झाला. त्याच वर्षी डिसेंबरात न्यूटन वारला.

आज प्रचारात असलेली चाल न्यूटनची नव्हे. अमेरिकेतील विल्यम वॉकर याने १८३५ साली ती या गीतास लाविली. चालीचा कर्ता अज्ञात आहे. पेटीवर ती सा, रे, ग, प, ध या पाचच स्वरांत वाजते, आणि आपल्या भूप रागाचे स्वरही हेच. म्हणून भजन म्हणणाऱ्यांस ती परकी वाटत नाही.